सरांच्या मॉडेलमधले पाच ओहम

त्या वर्षी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मी दोन आकडे बदलत होते. कोणी विचारलं काय काम करतेस, तर मी सांगायचे, सोलरचं. लोकांना वाटायचं मी छतांवर चढून पॅनेल बसवते. माझं काम महाप्याच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून बसायचं होतं. आमची कंपनी लहान. खाली इन्व्हर्टर जोडले जायचे आणि वर आम्ही ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचो.

पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहते. तारांमधून घरोघर जाणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. मधला इन्व्हर्टर पहिलीची दुसरी करतो आणि बाहेरच्या विजेच्या तालात ती बाहेर सोडतो. ताल जरा सुटला की आतला कंट्रोलर चूक मोजतो आणि सावरतो, सेकंदाला दहा हजार वेळा. चूक दिसली की किती जोरात सावरायचं, हे एक आकडा ठरवतो. त्याला आम्ही केपी म्हणतो. मागची साठलेली चूक किती मनावर घ्यायची, हे दुसरा ठरवतो, तो केआय. केपी कमी ठेवला तर इन्व्हर्टर सुस्त होतो, जास्त ठेवला तर थरथरायला लागतो. मधली जागा शोधायची. हे काम मी चौदा वर्षं करत होते आणि मला ते येतं असं सगळ्यांना वाटायचं. मलाही.

ही जागा सिम्युलेशनमध्ये शोधली जाते. अर्ध्या सेकंदाची वीज बघायला आमच्या कॉम्प्युटरला बारा मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात त्यावर दुसरं काही करता यायचं नाही. आलेखाची रेघ डावीकडून उजवीकडे सरकायची आणि मी बघत बसायचे. दिवसात तीसेक वेळा. संध्याकाळी डोळे मिटले तरी ती रेघ सरकत असायची.

मॉडेल सरांचं होतं. म्हणजे इन्व्हर्टर, त्याच्या कॉइल, कपॅसिटर, पुढचा ग्रिड म्हणजे बाहेरच्या तारांचं जाळं, हे सगळं कॉम्प्युटरवर उभं करणारी जी मूळ फाइल होती ती सरांनी बनवलेली. फाइलच्या नावात त्यांची आद्याक्षरं होती. मला नोकरीला घेतलं त्यांनीच. मी डिप्लोमावाली होते, पदवी नंतर संध्याकाळच्या कॉलेजात केली. पहिल्या महिन्यात त्यांनी मला नुसते आलेख बघायला बसवलं होतं. "बघताना बोलायचं नाही," म्हणायचे. "बोललीस की तुला जे हवंय तेच दिसेल." दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळाली आणि फाइलही. ऑफिसात एक अलिखित नियम होता की सरांच्या मॉडेलला हात लावायचा नाही. केपी-केआय बदला, ग्रिड बदला, पण आतलं तसंच ठेवा.

जूनमध्ये आम्ही नवा, मोठा इन्व्हर्टर काढला. मी महिनाभर बसून त्याचे आकडे काढले. आलेख सुरेख आला. एक बारीक उसळी आणि मग सपाट. साहेबांनी तो मोठा करून भिंतीवर लावला. साहेब माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मालकांचे जावई. वाईट माणूस नाही, पण सगळ्या गोष्टी उद्या हव्या असतात.

पहिला नग उरणकडच्या एका मोठ्या गोडाऊनवर बसला. तिथे मासे आणि फळं ठेवायच्या कोल्ड रूम होत्या. चालू केल्याच्या तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टर ट्रिप झाला, म्हणजे स्वतःहून बंद पडला. परत चालू केला. दोन दिवसांनी परत बंद.

"सिम्युलेशनमध्ये चालतंय ना?" साहेबांनी विचारलं.

"चालतंय."

"मग साइटवर काय प्रॉब्लेम आहे?"

"बघते."

ते 'बघते' मी पुढे चार महिने म्हणत राहिले. केपी थोडा कमी केला, केआय वाढवला, आकडे पाठवले. सर्व्हिसचा माणूस जाऊन ते मशीनमध्ये भरून आला. आठवडाभर बरं चाललं, कारण त्या आठवड्यात पाऊस होता आणि गोडाऊन अर्धं रिकामं होतं. मग परत ट्रिप. मी ग्रिड बदलून बघितला, ऊन बदलून बघितलं, एकदम ढग आला तर काय होईल ते बघितलं. मॉडेल काही केल्या हलेना. प्रत्येक वेळी तीच बारीक उसळी आणि तोच सपाटपणा.

घरी मी आणि दादा, म्हणजे माझे वडील. कोपरखैरण्याला राहतो. दादा साताऱ्याकडून आले ते वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून. चाळीस वर्षं गोण्या वाहिल्या. आता त्यांचे दोन्ही खांदे गेलेत, हात छातीच्या वर जात नाहीत. रोज सकाळी मी त्यांचे हात सदऱ्याच्या बाह्यांत घालते, मग आठ दहाची बस पकडते. त्या महिन्यांत मी त्यांच्याशी धड बोलतही नव्हते. एकदा सदरा घालताना त्यांचा हात जास्त वर ओढला गेला. ते कळवळले.

"दुखलं का?"

"न्हाय. तुजं ध्यान कुटं आसतंय?"

"ऑफिसात."

"मग हितं कोन हाय?" असं म्हणून ते बाल्कनीत जाऊन बसले. मी बस चुकवली त्या दिवशी, पण त्यांची समजूत काढायला नाही. पलंगाच्या कडेवर बसले आणि उठवेनाच.

ऑक्टोबरमध्ये साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. क्लायंट मशीन परत घ्या म्हणत होता.

"मॅडम, ट्रिपची लिमिट थोडी वाढवून टाका ना. ट्रिप व्हायलाच नको."

इन्व्हर्टर बंद पडतो तो स्वतःला आणि बाहेरच्या लाइनला वाचवायला. मर्यादा वाढवली तर तो बंद पडणार नाही, पण आत जे काही चाललंय ते चालूच राहील. हे त्यांनाही माहीत होतं. मी "बघते" म्हणाले आणि जागेवर येऊन तो आकडा वाढवला. फाइल तयार झाली. सर्व्हिसला पाठवायची ईमेलही लिहिली. तीन दिवस ती ईमेल तशीच पडून होती. सद्विवेक वगैरे जागा झाला असं म्हणणं खोटं होईल. पाच महिने ज्या मशीनचा मी विचार करत होते ते मी एकदाही डोळ्यांनी बघितलं नव्हतं, एवढंच मनात येत होतं. साहेबांना म्हटलं, पाठवायच्या आधी एकदा साइटवर जाऊन येते.

ऑफिसच्या गाडीने उरणला गेले. उलव्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनरच कंटेनर. गोडाऊनच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची खोली होती, तिथे इन्व्हर्टर होता आणि त्याच्या शेजारी स्टूल टाकून तिथले इलेक्ट्रिशियन बसले होते. पन्नाशी उलटलेले, जवळच्याच गावचे. त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः टूलबॉक्सवर बसले.

"तुमी हापिसातनं बगता ना याला?" त्यांनी विचारलं.

"हो. कॉम्प्युटरवर."

"मी याचे जवल बसतो. बंद पराचे आदी हा वरडतो."

"ओरडतो म्हणजे?"

"कानाजवल डास येतो ना, तसा. पन मोटा." मग त्यांनीच विचारलं, "तुमचे कम्पूटरमदी आवाज येतो का?"

"नाही. रेघ दिसते."

"मंग तुमाला कसा कलनार?"

यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने वेळ लिहिलेली. पावणेअकरा. अकरा वीस. अकरा पाच. जिथे काही लिहिलं नव्हतं ते दिवस मशीन चाललं होतं.

"हे तुम्ही आमच्या सर्व्हिसवाल्याला दाखवलंत का?"

"त्यानी इचारलाच नाय. आला, वायर लावली, गेला."

आम्ही अकरापर्यंत बसलो. कोल्ड रूमची मशीनं एकामागून एक चालू होत होती. त्यांनी बोट वर केलं आणि भिंतीपलीकडे 'खट' असा आवाज आला.

"हा कपॅसिटरचा पॅनल हाय. लोड वारला का आपोआप लागतो. आता दुसरा." परत खट. "आता तिसरा झाला का बगा."

तिसरा खटका झाला आणि इन्व्हर्टर ओरडायला लागला. डासासारखाच, पण दात शिवशिवतील इतका मोठा. दहा-बारा सेकंद. मग जाड आवाज करून बंद पडला आणि खोली एकदम शांत झाली. मी मोजायचं यंत्र लावून ठेवलं होतं. पडद्यावर विजेची गोल लाट यायला हवी होती. लाट होती, पण तिच्या पूर्ण अंगावर बारीक दात उगवले होते, करवतीसारखे.

"वरडली का रेघ?" त्यांनी वाकून विचारलं.

"हो," मी म्हणाले.

परत येताना मला बरं वाटायला हवं होतं. गोडाऊनमध्ये असा कपॅसिटरचा पॅनेल आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मॉडेलमध्ये तो नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो घातला, तिथली लांबच लांब केबल घातली आणि सिम्युलेशन चालू केलं. बारा मिनिटं बघत बसले. उसळी, आणि सपाट. दात नाहीत. तिसरा, चौथा, पाचवा कपॅसिटर घातला. केबल दुप्पट केली. मॉडेल ढिम्म. दोन दिवस मी हेच करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा तसाच बंद ठेवून मी प्रथमच सरांच्या मॉडेलच्या आतले भाग एकेक करून उघडायला लागले.

इन्व्हर्टर आणि ग्रिडच्या मध्ये एक गाळणी असते. दोन कॉइल आणि त्यांच्यामध्ये कपॅसिटर. तिच्यामुळे इन्व्हर्टरची खडबडीत वीज गुळगुळीत होते. पण या गाळणीला स्वतःलाच थरथरायची खोड असते. ती मारायला कपॅसिटरसोबत एक लहान रेझिस्टर लावतात. तो थरथर शोषतो आणि गरम होतो. मॉडेलमधल्या त्याच्या खिडकीत आकडा होता पाच. पाच ओहम.

मी ड्रॉइंग काढून बघितलं. ड्रॉइंगमध्ये अर्धा ओहम होता.

ड्रॉइंग चुकलेलं असू शकतं, असं म्हणून मी उरणला फोन लावला. इलेक्ट्रिशियन म्हणाले, "आता बंदच हाय, अकराला परत परला. कंचा बगू?"

"खालच्या कप्प्यात, कॉइलच्या मागे. पांढरा, चिनी मातीचा, वीतभर लांब. त्याच्यावर काय लिहिलंय?"

मेन स्विच काढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. आत साठलेली वीज उतरू देत होते. मी काही सांगायची गरज नव्हती. मग पाना फिरवल्याचा आवाज.

"झिरो हाय. मंग आर हाय. मंग पाच."

"मध्ये आर आहे? नक्की?"

"फोटू धारतो."

फोटो आला. धूळ पुसलेल्या जागेवर छापलेलं स्पष्ट दिसत होतं. त्या लिपीत आरचा अर्थ दशांशचिन्ह. शून्य पूर्णांक पाच. अर्धा ओहम.

मी मॉडेलमध्ये पाचच्या जागी अर्धा टाकला आणि चालू केलं. बारा मिनिटं थांबायची गरज पडली नाही. तिसरा कपॅसिटर लागला त्या क्षणी रेघेवर दात उगवले, साइटवर बघितलेले तेच. शेजारच्या टेबलवरचा सहकारी म्हणाला, "मॅडम, मिळालं?" मी मान हलवली. टेबलवर डोकं टेकवलं आणि तशीच बसून राहिले. आनंद झाला नाही. मॉडेलमधली थरथर दहापट मोठ्या रेझिस्टरने आधीच मारून टाकलेली होती. पाच महिने मी एका अशा मशीनला वळण लावत होते, जे कुठेच बसवलेलं नव्हतं.

फाइलमध्ये जुने बदल साठवलेले असतात. मागे मागे जात शोधलं. अकरा वर्षांपूर्वी अर्ध्याचे पाच झाले होते. शेजारी सरांच्या आद्याक्षरांसह एकच शब्द होता, 'तात्पुरतं'. तेव्हा मला नोकरीला तीन वर्षं झाली होती आणि माझं टेबल त्यांच्या टेबलला लागून होतं.

शनिवारी दुपारी सरांकडे गेले. वाशीच्या एका जुन्या सेक्टरमध्ये तळमजल्यावर घर आहे. काकू मुलीकडे गेल्या होत्या. सर टेबल फॅन उघडून पाती पुसत होते. एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, त्यामुळे मान तिरकी करून बघायचे. त्यांनीच चहा केला. साखर विसरले, मग डबाच आणून पुढे ठेवला.

"सर, फिल्टरमधला रेझिस्टर..." मी सुरुवात केली.

"पाच," ते म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलेख बघायला येणार होतं," सर सांगू लागले. "काही केल्या स्थिर होईना. मी पाच टाकला, झाला स्थिर. म्हटलं, मशीनमध्येही पाचच लावू. दोन मशीनमध्ये लावलासुद्धा. इतका तापायला लागला की आजूबाजूचा रंग जळून तपकिरी झाला. मग परत अर्धा लावला."

"आणि मॉडेल बदलायचं राहिलं."

"राहिलं नाही." त्यांनी पातं फडक्यावर ठेवलं. "एकदा बसलो होतो बदलायला. अर्धा टाकला तर सगळे केपी नव्याने काढावे लागत होते, जुन्या प्रत्येक मशीनचे. तेव्हा आठ साइट नीट चालू होत्या. त्या सगळ्या सबस्टेशनजवळ, तिथे ग्रिड भक्कम, काही होत नव्हतं. मी फाइल बंद केली. मग दर वर्षी वाटायचं तुला सांगू या. पण तू त्याच फाइलवर इतकं काम केलं होतंस."

"सर, मी जूनपासून..."

"माहीत आहे. तुमच्या साहेबांनी ऑगस्टमध्ये मला फोन केला होता. विचारलं, काही सुचतंय का."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"केपी कमी करून बघा म्हणालो."

मला आठवलं. ऑगस्टमध्ये साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, केपी कमी करून बघा. मी केलाही होता, थोडा. किती कमी करायला हवा होता हे त्या फाइलमधून कळणं शक्यच नव्हतं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मी मनात दिवस मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. फार राग आला होता, पण उभं राहून तो बोलून दाखवण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती.

"रिपोर्टमध्ये माझं नाव लिही," सर म्हणाले.

"लिहिणारच आहे," मी म्हणाले आणि पर्स उचलली. दारापर्यंत ते आले नाहीत. चहा तसाच राहिला.

रिपोर्ट दोन पानांचा झाला. रेझिस्टरचा आकडा सरांनी प्रात्यक्षिकासाठी तात्पुरता बदलला, मशीनमध्ये मूळचा परत लावला गेला, मॉडेलमध्ये नाही, असं लिहिलं. त्यानंतर लिहिलं की मी ती फाइल इतकी वर्षं रोज उघडत होते आणि आतला आकडा ड्रॉइंगशी एकदाही ताडून बघितला नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं. सरांच्या वाक्यापेक्षा ते लिहायला जास्त वेळ लागला. एक प्रत सरांना पाठवली.

साहेबांनी वाचून विचारलं, "सर असे का वागले असतील?"

ट्रिपची मर्यादा वाढवलेली माझी ईमेल अजून तशीच पडून होती. त्या दिवशी ती पुसून टाकली.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "रिपोर्टमध्ये तू नुसतं 'खूप तापत होता' लिहिलंयस. तापमान लिही. एकशे पंचाण्णव डिग्री होतं, मी मोजलं होतं."

"लिहिते."

"आणि आता काय करणार आहेस?"

मी सांगितलं. एक ओहमचा रेझिस्टर, मागे ॲल्युमिनियमची मोठी पट्टी, म्हणजे तापला तरी उष्णता निघून जाईल. केपी एक तृतीयांशावर, केआय त्याच्या मागोमाग खाली. इन्व्हर्टर सुस्त होईल, पण थरथरणार नाही. ते ऐकत होते. "बरोबर आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

नवे आकडे काढायला तीन आठवडे गेले. आलेख काही भिंतीवर लावण्यासारखा आला नाही. रेघ हळूहळू चढते, एकदा डगमगते आणि जागेवर येते.

"स्लो झालाय," साहेब म्हणाले.

"हो."

"क्लायंटला कळेल?"

"नाही."

"मग ठीक आहे."

नोव्हेंबरमध्ये ते उरणला बसवलं. मी जाणार होते, पण दादांना खांद्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून सर्व्हिसचा माणूस गेला. इलेक्ट्रिशियनचा फोन मला आठवड्याने आला. दवाखान्याच्या बाकावरच होते, दुसऱ्या फेरीला.

"मॅडम, सात दिस झाले. पाचवा खटका लागला तरी गप हाय."

"आवाज अजिबात नाही?"

"कान लावला मी. नाय. जरा गरम हवा येते खालनं, पन त्याचा काय नाय."

"कोन हाय?" दादांनी विचारलं.

"उरणची साइट. चालली."

"बरं झालं," ते म्हणाले. मग आमचा नंबर पुकारला.

मला वाटलं होतं आता आठवडाभर सुट्टी घेईन. पण सर म्हणाले होते त्या आठ साइट उरल्याच होत्या. आज नीट चालत होत्या, पण उद्या कोणी शेजारी कपॅसिटरचा पॅनेल लावला तर त्याही ओरडायला लागतील, हे मी रिपोर्टमध्ये स्वतःच लिहून बसले होते. साहेब म्हणाले, मार्चपर्यंत आठही करून टाका.

डिसेंबरच्या सुरुवातीला सरांचा परत फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. "जुनी मशीनं मी जोडलेली आहेत," ते म्हणाले. "कुठल्यात कुठली कॉइल आहे हे ड्रॉइंगवरून कळायचं नाही. मी येऊन बसू का?"

मी कळवते म्हणाले आणि तीन दिवस कळवलं नाही. माफ केलं होतं असं नाही. एकटीने मार्चपर्यंत झालं नसतं, म्हणून हो म्हणाले.

आता ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मी खुर्चीत बसते, ते बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर. आलेख त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवते, किती उसळी, किती वेळात बसली. ते कॉइलची माहिती सांगतात. कधी आकडा आठवत नाही, मग घरी जाऊन जुन्या वह्या बघतो म्हणतात, आणि शुक्रवारी कागदावर लिहून आणतात. ऑगस्टबद्दल आम्ही बोललो नाही. बोलायचं झालं तर काय बोलायचं हे मला माहीत नाही, आणि त्यांनाही असेल असं वाटत नाही. दोन साइट झाल्या आहेत.

गेल्या शुक्रवारी तिसरी चालू केली. रेघ सरकत होती. सर बोलता बोलता गप्प झाले. बघितलं तर मान छातीवर आली होती, चष्मा नाकावरून घसरलेला, हातात कॉइलचा कागद. मी कागद काढून घेतला नाही. रेघ शेवटपर्यंत आल्यावर त्यांच्या खुर्चीला हात लावला.

"काय आलं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"अजून हलतंय," मी म्हणाले, आणि केपी आणखी खाली आणला.